गडाआधी माणसं सांभाळा : आमच्या दुर्गसंवर्धन ग्रुपच्या नव्या पदाधिकाऱ्यांना खुलं पत्र

नमस्कार अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि मोहीमप्रमुख,

परवा वार्षिक सभेत तुमची नावं एकमताने पास झाली, गुलाबाची फुलं दिली, फोटो झाले, आणि मी घरी येताना एसटीत बसून एकच विचार करत होते की आपण या पोरांना पदं तर दिली पण त्या पदावर बसून रोज काय करायचं असतं हे कुणी सांगितलंच नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. अकरा वर्षं मी या ग्रुपमध्ये आहे, त्यातली पाच वर्षं खजिनदार होते, जे शिकले ते चुका करून शिकले आणि त्या चुकांची किंमत बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी मोजली. म्हणून लिहितेय. सगळ्यांसमोर लिहितेय कारण तुमच्याकडून काय अपेक्षा ठेवायची हे आपल्या दोनशे सभासदांनाही कळायला हवं, आणि आपल्यासारखे ग्रुप गावोगाव आहेत, कुणी रक्तदानाचं काम करतं, कुणी झाडं लावतं, कुणी गणपती मंडळ चालवतं, त्यांच्याकडेही थोड्याफार फरकाने हेच चालू असतं.

आधी गेल्या जानेवारीची मोहीम आठवा. गडावरच्या पूर्वेकडच्या टाक्यातला, म्हणजे खडकात खोदलेल्या पाण्याच्या साठ्यातला, गाळ काढायचा होता, चाळीसेक जण आले होते. टाक्यात उतरून घमेली भरणारे सहा जण, तिथून काठापर्यंत माणसांची साखळी, आणि काठापासून गाळ टाकायच्या जागेपर्यंत दुसरी साखळी. एक मुलगा पहिल्यांदाच आला होता, हिंजवडीत नोकरीला, पहाटे चारला उठून बाईकवर आलेला. हातात कोरे करकरीत ग्लोव्हज, त्यावरचा किमतीचा स्टिकरसुद्धा काढलेला नव्हता. साखळीत जागा नव्हती म्हणून तो कडेला उभा राहिला. मग पाण्याच्या बाटल्या इकडच्या तिकडे ठेवल्या. मग मोबाईल बघत बसला. नाश्त्याला पोह्यांची प्लेट घेऊन एकटाच बुरुजावर जाऊन बसला, आणि अकराच्या सुमाराला "जरा काम आहे" म्हणून खाली उतरला. त्याचं नाव काय होतं हे आपल्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. पुढच्या मिटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं की हल्लीची मुलं फक्त फोटोपुरती येतात, आणि त्यावर सगळ्यांनी मान डोलावली, मीही डोलावली. आज त्याची मला फार लाज वाटते. तो फोटोसाठी आला नव्हता हो, ग्लोव्हज विकत घेऊन आला होता.

स्वयंसेवकाच्या कामातली हीच तर गंमत आहे की तो राजीनामा देत नाही. ऑफिसात माणूस नोटीस देतो, कारण सांगतो, हिशोब घेऊन जातो. आपल्याकडे तो फक्त पुढच्या महिन्यात येत नाही, आणि ग्रुपवर अंगठा दाखवायचं बंद करतो, बस. पगार नाही, बढती नाही, मेमो नाही, त्याला धरून ठेवायला तुमच्या हातात काहीच नाही, फक्त तुमची वागणूक आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच की गडाचं काम हे तुमचं दुसरं काम, पहिलं काम माणसं. तुम्ही फावडं किती जोरात मारता याच्यावर तुमचं पद ठरत नाही. उलट मी असे अध्यक्ष बघितलेत जे दिवसभर स्वतः टाक्यात उतरून घाम गाळायचे, सगळे त्यांचं कौतुक करायचे, आणि वर दहा माणसं कामाशिवाय बसलेली असायची.

तर मग करायचं काय, साधं आहे. पायथ्याला गाड्या लागतात तिथे तुमच्यापैकी एकाने उभं राहायचं आणि त्या दिवशी त्याने दुसरं काहीही करायचं नाही. येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला नाव विचारायचं, कुठून आला, आधी कधी आलाय का, गुडघा-कंबर-दमा असं काही आहे का. आणि मग एका जुन्या माणसाच्या हातात त्याचा हात द्यायचा, अगदी खरोखर, "हा आजचा दिवस तुझ्या जोडीला" असं म्हणून. वर गेल्यावर कामाला लागायच्या आधी पाच मिनिटं सगळ्यांना गोल उभं करून सांगायचं की आज हे टाकं, या खुणेपर्यंत गाळ, साडेअकराला थांबायचं, गाळ तसाच फेकायचा नाही, आधी चाळणीवर घ्यायचा कारण त्यात खापरं निघतात, कधी नाणं निघू शकतं. माणसाला आपण का राबतोय हे कळलं की तो चार घमेली जास्त उचलतो. आणि नुसतं "मदत करा" म्हणू नका, कुणाला मदत करायची, कशात, कधीपर्यंत हे सांगा. दर अर्ध्या तासाने जागा बदला, टाक्यातला वर, वरचा टाक्यात. सगळ्यांत कंटाळवाणी जागा साखळीच्या मधली असते, तिथे माणूस घमेलं घेतो आणि देतो, त्याला ना गाळ दिसतो ना ढीग, तिथे उभ्या राहणाऱ्याशी मुद्दाम जाऊन बोला.

आता दुसरी गोष्ट. शिवकाळात गडाचा कारभार कसा असायचा हे आपण मोहिमेत नव्या मुलांना सांगतो, हवालदार, सबनीस, कारखानीस. हवालदाराकडे किल्ल्या आणि दरवाजे, सबनीसाकडे हजेरी आणि हिशोबाचं दफ्तर, कारखानीसाकडे धान्य, दारूगोळा, सामानसुमान. तिघेही मुद्दाम वेगवेगळ्या जातींचे नेमायचे, आणि कितीही मोठा मर्द असला तरी एकट्याच्या हातात अख्खा गड द्यायचा नाही, एक फितला किंवा एक आजारी पडला तरी गड पडता कामा नये. हे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो आणि आपला स्वतःचा ग्रुप मात्र सात वर्षं एकाच माणसाच्या डोक्यात चालवला. आपले दादा, ज्यांनी ग्रुप उभा केला, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, ते नसते तर आपण कुणीच नसतो. पण ज्या वर्षी ऐन सीझनमध्ये त्यांना डेंग्यू झाला आणि ते दहा दिवस ॲडमिट होते तेव्हा लक्षात आलं की परवानगीचं पत्र कुठल्या तारखेपर्यंत आहे ते फक्त त्यांना माहीत, गावातल्या ज्या घरात आपली अवजारं असतात त्यांचा नंबर फक्त त्यांच्या फोनमध्ये, टेम्पोवाल्याला किती ॲडव्हान्स दिला ते फक्त त्यांना माहीत. त्यांच्या उशाशी बसून, सलाईन चालू असताना मी एकेक नंबर लिहून घेतलाय. ते बिचारे तापातही सांगत होते.

म्हणून तुम्ही तिघा-चौघांनी या आठवड्यातच एक दोनशे पानी वही करा. नंबर, परवानग्यांच्या तारखा, अवजारांची यादी, कुणाकडे काय आहे, गावात कुणाशी काय बोलणं झालंय. गूगल ड्राइव्हवर टाका, हरकत नाही, पण वहीही ठेवा. आणि कामं खरंच वाटून घ्या. वाटून घेणं म्हणजे काम दुसऱ्याला देऊन दर तासाला "झालं का, झालं का" विचारणं नव्हे. चहा-नाश्त्याचं काम एखाद्याला दिलंत की पोहे का उपमा हे त्यालाच ठरवू द्या. तो चुकेल. एकदा मीठ जास्त पडेल, एकदा चाळीस माणसांना तीस प्लेट होतील. पुढच्या वेळी तोच माणूस चोख करेल, आणि त्याला काम आपलं वाटेल. आपल्या दादांची अडचण हीच होती, त्यांना सगळं उत्तम यायचं, म्हणून ते कुणाला चुकूच द्यायचे नाहीत.

खजिनदाराला मी थोडं जास्त सांगणार आहे कारण ते काम मी केलंय. पैशावरून भांडणं पैसे खाल्ले म्हणून कमी होतात आणि हिशोब दिसत नाही म्हणून जास्त होतात. माझ्या दुसऱ्या वर्षी दोराचं बिल, १८४० रुपये, हरवलं. दोर आपल्याकडे होता, सगळ्यांनी वापरला होता, पण कागद नव्हता. मी ते कुणाला सांगितलं नाही, वाटलं पुढे बघू, आणि सहा महिन्यांनी सभेत कुणीतरी विचारलं तेव्हा मी गडबडले. पैसे माझ्या खिशातून भरले तरीही दोन माणसं नंतर कधी माझ्याशी मोकळेपणाने बोलली नाहीत. त्याच दिवशी ग्रुपवर "बिल हरवलंय, दुकानदाराकडून डुप्लिकेट मागवतेय" असं टाकलं असतं तर विषय तिथेच संपला असता. तेव्हा मोहीम झाली की त्या मोहिमेचा जमाखर्च बुधवारच्या आत ग्रुपवर टाका, बिलांच्या फोटोंसकट, जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. बँकेत दोन सह्या ठेवा आणि कोऱ्या चेकवर सही करून ठेवायची ती सवय आजपासून बंद.

आणि कागदपत्रांना कंटाळू नका. आपली संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेली आहे, म्हणजे तुमची नेमणूक झाली ती नुसती हार घालून पूर्ण होत नाही, बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांच्या आत द्यावा लागतो. हे राहून गेलं की दफ्तरी जुनेच लोक पदाधिकारी राहतात आणि पाच-सहा वर्षांनी बँकेत, देणगीत, सगळीकडे अडतं, मग मागच्या तीन कमिट्यांच्या सह्या गोळा करत फिरावं लागतं, एक जण परदेशात, एक वारलेले. ३१ मार्चला वर्ष संपलं की सहा महिन्यांत ऑडिट. देणगीदाराला देणगीवर आयकरात सवलत हवी असेल तर दोन हजारांवरची रक्कम रोख घेऊ नका, त्याला सवलत मिळत नाही आणि तो नंतर तुम्हाला बोल लावतो. सीए आपल्याच ओळखीतला असतो, फी घेत नाही, म्हणून त्याला कागद शेवटच्या आठवड्यात नेऊन देऊ नका, तोही स्वयंसेवकच आहे.

परवानगीबद्दल तर हात जोडून सांगते. उत्साह ही चांगली गोष्ट आहे पण गडावर उत्साहाने जेवढं नुकसान केलंय तेवढं पावसानेही केलं नसेल. ज्या वर्षी आपल्यातल्या काही जणांनी दरवाज्याजवळच्या चार पायऱ्या सिमेंटने बसवल्या, कुणाला न विचारता, एका रविवारात, तेव्हा सगळे खूश होते, मीही खूश होते, फोटोला केवढे लाइक आले. मग दुसऱ्या पावसाळ्यानंतर बघितलं तर सिमेंट तसंच आणि त्याच्या बाजूच्या जुन्या दगडाचे पापुद्रे निघायला लागलेले. जुनं बांधकाम चुन्याचं, त्यातून ओल बाहेर येते, सिमेंट ती ओल आत कोंडून धरतं आणि मग दगड फुटतो. चुना मळायचा घाणा, त्यात पडणारा गूळ, बेलफळ, हिरडा, हे एक शास्त्र आहे आणि ते जाणणारी माणसं आहेत, त्यांना विचारावं लागतं. तसंच तटात उगवलेल्या उंबराचं, पिंपळाचं. मुळासकट ओढलं की त्याच्याबरोबर चिरा, तटाचा घडीव दगड, बाहेर येतो. आणि गड संरक्षित असेल तर, केंद्राच्या पुरातत्त्वाकडे असो की राज्याच्या, एक दगडही विचारल्याशिवाय हलवता येत नाही, वनखात्याची जमीन असली तर त्यांचीही परवानगी लागते. काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना आणि पुरातत्त्व विभागाला कळवायचं, घरच्या शोकेसमध्ये ठेवायचं नाही, १८७८ पासूनचा कायदा आहे तसा.

हे मी तुम्हाला पुढारीपणाच्या पत्रात का सांगतेय, तर त्या दिवशी पायऱ्यांपाशी एक जण होता ज्याला हे चूक आहे ते माहीत होतं. सिव्हिलचा डिप्लोमा करणारा मुलगा. तो एकदा म्हणाला, "दादा, विचारून करूया का," आणि त्याला "तू नवीन आहेस" असं म्हणून गप्प केलं. तुमच्या मिटिंगमध्ये सगळ्यांत नवा माणूस सगळ्यांत आधी बोलला पाहिजे. अध्यक्षांनी शेवटी बोलायचं. अध्यक्ष आधी बोलले की बाकीचे फक्त हो म्हणतात, आणि मग घरी जाऊन बायकोला सांगतात की मला पटलं नव्हतं.

निर्णयाबद्दल एक आठवण आहे ती लिहिलीच पाहिजे. ऑक्टोबरातली मोहीम होती, परतीचा पाऊस. पायथ्याला सकाळी लख्ख ऊन. अडतीस जण, त्यात मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेले बाराजण. आपण अर्ध्या वाटेवर मेटापर्यंत, म्हणजे जुन्या पहाऱ्याच्या जागेपर्यंत, पोचलो आणि पश्चिमेकडून ढग चढायला लागले. मोहीमप्रमुख तेव्हा पंचवीस वर्षांचा पोरगा. तो दोन मिनिटं ढगाकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, मोहीम रद्द, खाली चला. केवढी नाराजी! मुंबईकर चिडले, आपलेच दोन जुने सभासद म्हणाले आम्ही यापेक्षा वाईट पावसात चढलोय. पोरगा पांढराफटक पडला होता पण हलला नाही. आणि तेव्हा आपल्या त्या वेळच्या अध्यक्षांनी जे केलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. त्यांचं स्वतःचं मत वर जावं असंच होतं, त्यांनी मला ते नंतर सांगितलं. पण ते पुढे झाले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "निर्णय आमच्या दोघांचा आहे, ज्याला रागवायचंय त्याने माझ्यावर रागवा, पण खाली उतरता उतरता रागवा." दुपारी एकच्या सुमाराला वरच्या सदरेच्या, गडाच्या जुन्या कचेरीच्या, बाजूला वीज पडली. कुणाला काही झालं नाही कारण तिथे कुणीच नव्हतं. पण मला सांगायचंय ते विजेचं नाही. वीज पडली नसती, आकाश उघडलं असतं, तरीही तो निर्णय बरोबरच होता आणि तरीही अध्यक्षांनी त्याच्या पाठीशी उभं राहायलाच हवं होतं. त्या पोराने त्यानंतर सहा वर्षं मोहिमा सांभाळल्या. त्या दिवशी त्याला सगळ्यांसमोर खोटं पाडलं असतं तर पुढच्या वेळी ढग बघून तो गप्प बसला असता, आणि ते फार महागात पडलं असतं.

तर मोहिमेच्या दिवशी मोहीमप्रमुखाचा शब्द शेवटचा, अध्यक्षांनीही ऐकायचा. मतभेद असेल तर खाली आल्यावर, चहा घेताना, दोघांतच. आणि सुरक्षेच्या गोष्टी रोज त्याच त्या सांगताना लाजू नका. दगड उलटताना पलीकडची कड उचलून आपल्याकडे घ्यायची, म्हणजे खाली फुरसं, तो लहानसा विषारी साप, असलं तर दगड आपल्या आणि त्याच्या मधे राहतो, हे मी दर मोहिमेत सांगते आणि दर मोहिमेत कुणीतरी उलटं करतंच. चावलं तर ते बांधणं-कापणं-चोखणं काही करायचं नाही, माणसाला चालवायचं नाही, उचलून खाली आणायचं आणि १०८ ला फोन, नाहीतर जी गाडी असेल ती. जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन आहे हे मोहिमेच्या आदल्या दिवशी फोन करून विचारायचं, त्या दिवशी नाही. आग्या माश्यांचं पोळं कुठल्या कड्याला आहे ते बघून ठेवायचं, त्याच्या वाऱ्याच्या बाजूला धूर नको, डिओ नको, आरडाओरडा नको.

रागावण्याबद्दल. मागच्या वर्षी रात्री पावणेबाराला आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सभासदाला सगळ्यांदेखत झापलं गेलं कारण त्याने पहार गडावर विसरली. दोनशे लोकांनी वाचलं. कुणी काही बोललं नाही. तो मुलगा त्याच्या दुसऱ्या दिवशी एकटा गडावर जाऊन पहार घेऊन आला, गावातल्या घरी ठेवली, फोटो टाकला, आणि ग्रुप सोडला. दोन्ही बाजूंना माझी माणसं आहेत म्हणून मी नावं घेत नाही. पण कौतुक चारचौघांत आणि चूक कानात, एवढं पाळलं असतं तर तो आज आपल्यात असता, चुन्याच्या कामात त्याच्याएवढा हात कुणाचा बसत नव्हता. तुमच्यापैकी ज्याला लवकर राग येतो त्याने रात्री दहानंतर ग्रुपवर लिहू नये. फोन करा. आवाज ऐकला की निम्मा राग आपोआप जातो, दोन्हीकडचा.

बायका-मुलींबद्दल लिहायलाच पाहिजे कारण कमिटीत आता एकही बाई नाही, हे मला खटकलंय आणि सभेत मी तसं बोललेही. मुलींची संख्या कमी का होतेय असं तुम्ही विचारता. पायथ्याच्या गावात कुठल्या घरी संडास वापरता येतो हे मोहिमेच्या मेसेजमध्ये लिहा, त्या घरच्या मावशींशी आधी बोलून घ्या, पैसे द्या. परत किती वाजता पोचणार ते लिहा आणि पाळा, कारण "संध्याकाळपर्यंत" असं लिहिलं की घरी परवानगी मिळत नाही. आणि वर गेल्यावर "ताई तुम्ही जरा पोह्यांचं बघता का" असं म्हणू नका. मी पहिली दोन वर्षं पोह्यांचंच बघितलंय. तिसऱ्या वर्षी न विचारता टाक्यात उतरले तेव्हा कुठे लोकांना कळलं की हिला फावडं धरता येतं.

गावाचंही तसंच. आपण शहरातून जातो, एक दिवस राबतो आणि गड आपला समजतो. पहिल्या टाक्याचा गाळ आपण काढला तेव्हा तो जिथे सोयीचा वाटला तिथे टाकला, मोठा ढीग, आम्हाला अभिमान. दुपारी एक आजी आल्या, डोक्यावर गवताचा भारा. ढिगाकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पोरांनो, आता माझी म्हस कुठनं उतरायची?" ती जनावरांची वाट होती. कुणीही गावात विचारलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही तोच ढीग परत उचलून दुसरीकडे नेला, आणि त्या आजींनीच जागा दाखवली. नव्या कमिटीचं पहिलं काम म्हणून तुम्ही चौघं एकदा मोहीम नसताना गावात जा. सरपंचांना भेटा, पोलीस पाटलांना भेटा, पण त्याआधी ज्यांची गुरं वर जातात त्यांना भेटा. त्यांना विचारा कुठल्या टाक्याचं पाणी उन्हाळ्यात टिकतं. गडावरच्या देवीची जत्रा कधी ते विचारा आणि त्या दिवशी मोहीम ठेवू नका, जत्रेला जा.

११ जुलै २०२५ ला बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, रायगड, राजगड, साल्हेर, खांदेरी, तिकडे तामिळनाडूतला जिंजी, तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं. आपला गड त्या बारात नाही, महाराष्ट्रातले शेकडो नाहीत, आणि म्हणूनच आपल्यासारख्यांची गरज आहे. पण तेव्हापासून गडांकडे लोकांचं लक्ष वाढलंय, आणि आपल्याकडेही फोन वाढलेत. कुणी टी-शर्ट देतो म्हणतं, कुणी जेवण देतो म्हणतं, फक्त प्रवेशद्वारापाशी आमच्या साहेबांचा फ्लेक्स लावा. नाही म्हणायला शिका. गोड बोलून, हात जोडून, पण नाही. आणि हे नाही एकट्या अध्यक्षाने म्हणायचं नसतं, कमिटीचा ठराव करून ठेवायचा, इतिवृत्तात लिहून ठेवायचा, म्हणजे फोन आला की "आमचा ठराव आहे साहेब" एवढं म्हणता येतं आणि कुणा एकावर राग निघत नाही.

शेवटचं, जायची तयारी आत्तापासून करा. तीन वर्षांची टर्म आहे, जास्तीत जास्त दोन घ्या. प्रत्येकाने आपल्या जागी बसू शकेल असा एक जण पहिल्याच वर्षी हेरून ठेवा, त्याला मिटिंगला न्या, बँकेत न्या, पुरातत्त्वच्या ऑफिसात न्या, पत्र त्याच्याकडून लिहून घ्या. मला खजिनदारपद सोडताना रडू आलं होतं. पण माझ्यानंतर जो आला त्याने तीन महिन्यांत हिशोब माझ्यापेक्षा नीट लावला, आणि मला दर महिन्याचा रविवार परत मिळाला.

अवजारांच्या खोलीची एक किल्ली अजून माझ्याकडे आहे, ती या रविवारी सचिवांच्या हातात देते. बारा घमेली, नऊ फावडी, चार पहारी, दोन चाळण्या, त्यातली एक फाटलीय. यादी किल्लीला बांधलीय. पायथ्याला सव्वासहाला पोचते. गुडघ्यामुळे आता टाक्यात उतरणं होत नाही, पण चाळणीवर बसून खापरं वेगळी करता येतील, आणि तो हिंजवडीचा मुलगा, त्याचा नंबर मी शोधून काढलाय, येतो म्हणालाय. त्याला माझ्या जोडीला द्या.

तुमची ताई,
माजी खजिनदार